जयवंताला कोणी सांगितलं नाही

वसंत खापेकरनं कार्डांचे कोपरे कापले तेव्हा त्याला शंका आलीच नव्हती असं नाही. आली होती, पण बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेल्या माणसानं शंका फार वेळ बसू द्यायची नसते. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी, हे त्याच्या नरखेडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. असं कार्ड कोणी घरात नेत नाही. उंबऱ्याबाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळीला पाणी काढायचं. पण वसंतचं म्हणणं, फाडणं वेगळं आणि कापणं वेगळं. हातानं फाडतात तो शोक. कात्रीनं नीट छाटतात ती पद्धत. एका सरकारी कचेरीत त्यानं कॉम्प्युटरची भोकं पाडलेली कार्डं पाहिली होती. त्यातल्या प्रत्येकाचा एक कोपरा असाच छाटलेला होता, आणि तिथं कोणी रडताना दिसलं नव्हतं.

साल १९८२. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर साल्पेकर मेंदूच्या गाठींची ऑपरेशनं करत. त्यांनी एक संशोधन हाती घेतलं होतं आणि त्यासाठी त्यांना एक कारकून मंजूर झाला होता. तो कारकून म्हणजे वसंत. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्याला काम समजावून सांगितलं. "आपण कवटी उघडतो, गाठ निघेल तेवढी काढतो, किरणांचा शेक देतो आणि माणसाला घरी पाठवतो. पुढे त्याचं काय झालं हे फक्त देवाला माहीत, आणि देव आपल्याला रिपोर्ट पाठवत नाही. तो तुम्ही मागवायचा."

वसंतनं मागवला. जुन्या पेशंटांच्या पत्त्यांवर जोडकार्डं पाठवली. एका अर्ध्यावर प्रश्न, 'पेशंट हयात आहेत काय, कसे आहेत, कळवावे', आणि दुसरं अर्ध उत्तराला कोरं. दवाखान्यात रोज येणाऱ्या टपालाच्या ढिगातून आपली उत्तरं चटकन ओळखू यावीत म्हणून त्यानं कोऱ्या अर्ध्याचा कोपरा छाटायचं ठरवलं. आणि एकेक कार्ड कोण छाटत बसणार, म्हणून घडी घातलेल्या कार्डांचा गठ्ठाच वॉर्डातल्या पट्ट्या कापायच्या मोठ्या कात्रीखाली घातला. दोन्ही अर्ध्यांचे कोपरे एकाच दणक्यात गेले.

उत्तरं आली नाहीत. माणसं आली.

काटोलकडचा एक म्हातारा आला तो थेट शवागाराच्या दाराशी जाऊन बसला. त्याचा जावई, ज्याच्या नावानं कार्ड गेलं होतं, बाजूला उभा राहून त्याला समजावत होता. "मामा, मी इथं उभा हाओ. चला घरी." म्हातारा हलेना. सरकारी शिक्क्याचं कार्ड खोटं कसं असेल; तू नाही तर दुसरं कोणी असेल, पण आपलंच कोणी तरी आत आहे, असा त्याचा हिशेब. उमरेडहून दोन बाया रडतच रिक्षातून उतरल्या आणि आपला माणूस कोणत्या खाटेवर गेला हे विचारत वॉर्डभर फिरल्या. त्यांचा माणूस दोन वर्षांपूर्वीच गेला होता. पुन्हा कसा गेला हे त्यांनाही कळत नव्हतं, पण कार्ड आलं म्हणून त्या आल्या होत्या.

डॉक्टर साल्पेकर कॉन्व्हेंटात शिकलेले. त्यांना कोपऱ्याची भानगड वॉर्डातल्या सिंधूताई आयानं समजावून दिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वसंतकडे नुसतं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अशा त्या आठवड्यात जयवंता आली.

जरीपटक्याच्या मागच्या वस्तीतली ही बाई. तिशी नुकतीच ओलांडलेली, सावळी, काटक. संत्रा मार्केटात पेट्या भरायचं काम करायची. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, थर, संत्र्यांचा थर, वर तणस, असं दिवसभर. त्यामुळं तिच्या लुगड्याला संत्र्याच्या सालीचा वास कायम असायचा. तिच्यामागं तिचा नवरा रुपराव. कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होता तो. तीन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात त्याच्या मेंदूची गाठ काढली होती. डाव्या कानावर केस न उगवलेली एक कमान होती, घोड्याच्या नालेसारखी. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि ती वसंतच्या टेबलापुढं उभी राहिली.

वसंतचं लक्ष आधी तिच्या हातांकडं गेलं. दोन्ही मनगटं मोकळी होती आणि त्यावर काचेचे ताजे ओरखडे होते. मग त्यानं बाकावर बसलेल्या रुपरावकडं पाहिलं, जो तंबाखू मळत होता. मग परत मनगटांकडं.

"कार्ड तुम्हीच धाडलं होतं का, बाबू?"

"हो बाई. म्हणजे माझी चूकच झाली. त्याचं असं आहे, की कॉम्प्युटरची जी कार्डं असतात..."

"कार्डाचं राहू द्या," ती म्हणाली.

पण कार्डाचं त्याला कळल्याशिवाय पुढचं कळलं नसतं, म्हणून तिनंच मग उभ्याउभ्या सांगितलं. रुपराव भिवापूरला बहिणीकडं मिरच्या आणायला गेला होता. दुपारी पोस्टमन आला. रोज ओट्यावर टेकून पाणी पिणारा हा माणूस त्या दिवशी दुरूनच कार्ड टाकून सायकलवर बसला. शेजारच्या सुभद्रेनं ते उचललं. सुभद्रा चौथी शिकलेली, म्हणजे वस्तीच्या त्या ओळीतली सगळ्यात विद्वान. तिला दिसलं ते एवढंच, की नाव रुपरावचं, शिक्का दवाखान्याचा, कोपरा कापलेला. आणखी वाचायचं काय राहिलं होतं? तिनं रीतीप्रमाणं कार्डाचे तुकडे केले आणि गळा काढला. बसमध्ये रुपरावला झटका आला असेल, कोणी तरी दवाखान्यात नेऊन टाकला असेल, तिथंच गेला असेल. ही सगळी हकीकत वस्तीनं घटकाभरात आपोआप जुळवली. दीक्षा घेतलेली वस्ती ती. बायकोच्या बांगड्या फोडणं वगैरे जुन्या गोष्टी आपण सोडल्या, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण पाठ तोंडाला होतं, हातांना नव्हतं. म्हाताऱ्या बायांचे हात पोहोचले.

"आन् सांजच्याले हे आले," जयवंतानं मानेनंच बाकाकडं दाखवलं. "खांद्यावर मिरच्याचं पोतं. म्हणे, कोन गेलं गा?"

वसंतला हसू फुटलं आणि तिथंच अडकलं, कारण ती हसत नव्हती.

"त्याच्याआंधी माये भासरे आले होते," ती म्हणाली. भासरा म्हणजे थोरला दीर; देवराव, रुपरावचा भाऊ, सक्करदऱ्याला राहणारा, एका शाळेत शिपाई. "ते मानसाइत बसले, डोळे पुसले आन् म्हने, 'चाला, सुटला. डॉक्टरनं तं सहा महिनेच म्हटलं होतं, पठ्ठ्यानं तीन वर्सं काढले.' आता मले तुमी सांगा, बाबू. हे सहा महिने कोनं म्हटले होते? कोनाले म्हटले होते?"

वसंत उठला आणि तिला डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेला.

डॉक्टर साल्पेकर आधी उलट्याच कारणानं चकित झाले. रुपराव जिवंत आहे आणि आपल्या पायांनी आला आहे, हे ऐकून ते खुर्चीवरून उठलेच. ही गाठ वाईट जातीची होती. अशी गाठ काढली तरी मुळं राहतात. बहुतेकांना वर्ष दिसत नाही. त्यांनी बाहेर जाऊन रुपरावला चालवून पाहिलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, डोळ्यांत बॅटरी मारली. जत्रेत नेलेल्या लहान मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. जयवंता दाराला टेकून हे सगळं पाहत राहिली आणि ते खोलीत परतले तसा तिनं आपला प्रश्न पुन्हा विचारला.

"हो, सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "आम्ही न सांगता कोणाला सोडत नाही. घरातला कर्ता माणूस कोण, असं विचारलं होतं; देवराव पुढं आले. त्यांना सगळी कल्पना दिली."

"कर्ता?"

"म्हणजे घरातला मोठा माणूस."

"ते सक्करदऱ्याले राहते, डॉक्टरसायेब. दिवाळीले येते, करंज्या खाते आन् जाते." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "यायच्या उलट्या मी काढल्या. डोक्याची पट्टी मी धुतली. आन् कर्ते ते?"

डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बायकांना असं एकदम सांगितलं तर त्या हाय खातात, बाई. म्हणून सहसा सांगत नाहीत. तुमच्या काळजीपोटीच."

"गोया देल्या होत्या. त्या कायच्या होत्या?"

"झटक्याच्या. त्या तर चालू आहेत ना?"

जयवंतानं मान हलवली. गोळ्या एक वर्ष चालल्या. मग तिला वाटलं, ऑपरेशन झालं, जखम भरली, माणूस मिलमध्ये जाऊ लागला. आता बऱ्या माणसाला कशाला गोळ्या? तिनंच बंद केल्या. झटके आले, तेव्हा वस्तीत जे करतात ते केलं. कांदा फोडून नाकाशी धरला. कांद्यानं भागलं नाही तर चप्पल हुंगवली.

"दोन वर्सं मी त्याले कांदा हुंगवून राहिली," ती म्हणाली. "मले सांगितलं असतं तं मी गोयी देली नसती का?"

डॉक्टरांनी परत चष्मा काढला. पण या वेळी पुसला नाही, टेबलावर ठेवला. वसंत कार्डांच्या प्रकरणात त्यांच्या नजरेचा धनी झाला होता. आता त्या नजरेत काय होतं ते त्याला वाचता येईना. हा माणूस कवटी उघडून मेंदूतल्या गाठी काढणारा, आणि एका कांद्यानं त्याला गप्प केलं होतं. वसंतला मात्र दुसराच धक्का बसला होता. त्याच्या कार्डावर विचारलं होतं, हयात आहेत काय. रुपराव हयात होता. 'होय' असं उत्तर आलं असतं, त्यानं रकान्यात खूण केली असती, आणि संशोधन छान पुढं गेलं असतं.

"आता मले सांगा," जयवंता म्हणाली. "गाठ परत येते का?"

"येते."

"नक्की?"

"कधी ते सांगता येत नाही. पण येते."

तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, जणू पेटी उचलायची आहे, आणि "बरं" म्हणून बाहेर गेली. वसंत मागोमाग गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. रुपरावनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकून विचारलं, "काय म्हने डॉक्टर? मोठा खुश दिसे."

ज्या बाईला तीन वर्षं कोणी सांगितलं नाही, ती आता नवऱ्याला सांगते की लपवते, याकडं वसंत जीव मुठीत धरून पाहत होता. तिनं एका दमात सांगितलं. "गाठ परत येते म्हने. भासऱ्याइले पयलेपासून माहीत होतं."

रुपरावनं भिंतीच्या कडेला पिंक टाकली. "मले बी माहीत होतं."

ती बाकावर बसली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच बसली.

"टाके काढले ना, त्या दिवशी दादा आन् डॉक्टर बोलून राह्यले होते माया डोक्यामांगं," रुपराव म्हणाला. "त्यायले वाटे, मले ऐकू येत नाही. डोकं उघडलेलं मानूस भैरं असते का?"

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तू मले सकाळी उठून वरडे. 'मिलचा भोंगा झाला, पडून काय राह्यले, ऐद्यासारखे.' दादा मले पाहे तं मयताले पाहिल्यासारखं पाहे. घरी एक तूच होती, का जे बऱ्या मानसासारखं वरडे. तुले सांगितलं असतं तं तू बी गोड बोलाले लागली असती. मंग मी कोनापाशी जाऊ?"

जयवंतानं त्याच्याकडं पाहिलं. वसंतला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "उठा. गोयी घ्याची हाय. खिडकी बंद होते."

त्यानंतर डॉक्टर साल्पेकरांनी वसंतला संशोधनाचे प्रश्न पुन्हा लिहायला बसवलं. झटके येतात काय, आल्यावर काय करता, गोळ्या कोण देतं, घरी काय सांगितलं होतं. उत्तरं पोस्टानं मागवायचं बंद झालं. वसंत सायकलवर, एस.टी.त, कधी बैलगाडीतही जाऊन विचारून येऊ लागला. जे कळलं त्यानं त्याची झोप उडाली. बंद केलेल्या गोळ्या घरोघर होत्या. कोणी लिंबू उतरवत होतं, कोणी जुनी वहाण हुंगवत होतं, आणि बहुतेक ठिकाणी 'सगळी कल्पना दिलेला' कर्ता माणूस दुसऱ्याच गावाला राहत होता. वॉर्डात भरती करताना 'कर्ता माणूस कोण' हा प्रश्न डॉक्टरांनी खोडला आणि तिथं लिहवलं, 'जवळ कोण बसतं?' जे बसेल, त्याला समोर बसवून सांगायचं. बाई असो, म्हातारी असो. सिंधूताई आयानं पहिल्याच दिवशी ऐकवलं, "हे तं आमाले कदी बी विचारलं असतं तं सांगितलं असतं." डॉक्टर म्हणाले, "विचारलं नाही, हेच तर चुकलं."

रुपरावला नियमानं गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. जयवंता त्याला पहिल्यासारखीच ओरडत असे. वसंतनं एकदा वस्तीत जाऊन हे आपल्या कानांनी ऐकलं. ती दारात उभी राहून 'ऐद्यासारखे' म्हणत होती आणि रुपराव ओट्यावर तृप्त चेहऱ्यानं बसला होता. दोघांनाही सगळं माहीत होतं. आणि ओरडण्याचा सूर एका पट्टीनंही खाली आला नव्हता. हे कसं जमत असेल याचा वसंत परतीच्या वाटेवर विचार करत राहिला आणि गड्डीगोदामाच्या पुलाजवळ एका हातगाडीवर जाऊन आदळला.

गाठ पुढच्या वर्षी, संत्र्याचा बहार संपता संपता परत आली. या वेळी जयवंताला पहिल्याच दिवशी कळलं, कारण काय पाहायचं ते तिला सांगितलेलं होतं. चालताना त्याचा उजवा पाय घासायला लागला, तशी दुसऱ्याच सकाळी ती त्याला घेऊन आली. दुसरं ऑपरेशन करून उपयोग नव्हता. डॉक्टरांनी तेही तिलाच सांगितलं. दुखू नये एवढं बघता आलं, तेवढं त्यांनी बघितलं. रुपराव वॉर्डातच गेला, दुपारी, जयवंताचा हात धरून. आणि त्या हातात बांगड्या होत्या.

तेव्हा डॉक्टर साल्पेकरांनी जयवंताला एक गोष्ट विचारली. रुपराव इतका कसा जगला हे पाहायला हवं. त्यासाठी मेंदू काढून तपासायची परवानगी हवी. वसंतला वाटलं, आत्ता? या बाईला? देवराव आलेलाच होता. तो कडाडला. "मेल्यावर बी चिरफाड? आमचा मानूस काय बेवारस हाय? मी सही देत नाही."

"तुमची नाही मागितली, भासरे," जयवंता म्हणाली. पदर डोक्यावर होता, नजर खाली होती. भासऱ्याशी ती जन्मात अशी बोलली नव्हती. देवराव हबकून मागं सरला आणि भिंतीला लागला.

मग ती डॉक्टरांकडं वळली. "पाहा. पन काय दिसलं ते मले सांगा. लोकायच्या तोंडून नको. काहून जगला ते मले समजलं पायजे."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हालाच सांगतो."

हे वसंतसमोर झालं. गाठीचे काप काढले, इथं पाहिले, कोणाचंच एकमत होईना, म्हणून मुंबईला पाठवले. उत्तर यायच्या आत डॉक्टर साल्पेकरांची औरंगाबादला बदली झाली. जाताना त्यांनी वसंतला बाजूला घेऊन म्हटलं, "ते बाईंचं राहिलं. ते आता तुमच्याकडं."

वसंतनं मुंबईला स्मरणपत्रं लिहिली. मुंबईनं उत्तर दिलं की काप पुढं पाठवले आहेत. पुढं म्हणजे कुठं, असं त्यानं विचारलं. त्याला उत्तर नाही. दवाखान्यात नवे डॉक्टर आले, नवं संशोधन आलं. भरतीच्या कागदावर 'जवळ कोण बसतं' मात्र राहिलं. ते कोणी काढलं नाही, बहुधा कोणी आणलं हे कोणाला आठवत नाही म्हणून.

जयवंता अधूनमधून मार्केटातून घरी जाताना वाट वाकडी करून येते. दारातूनच विचारते, "आलं का, बाबू?"

"नाही आलं, बाई. लिहिलं आहे परत."

"लिहा."

एकदा वसंतनं तिला दुरून येताना पाहिलं आणि तो चक्क कपाटामागं जाऊन उभा राहिला. तिनं रिकामी खुर्ची पाहिली, खाली वाकून कपाटाखालून दिसणाऱ्या चपला पाहिल्या आणि चपलांनाच सांगून गेली, "बाकी हाय म्हना आमची."

मागच्या सोमवारी वसंतनं मुंबईला पुन्हा पत्र लिहिलं. अजून काही आलेलं नाही.